डॉ. रैयान यांचा शोधनिबंध

धनुबाईच्या तळहाताची कातडी मोज्यासारखी सोलून निघाली, तरी जुबेर म्हणाला, "मिरचीनं झालं असेल."

जुबेर माझा धाकटा दीर. नंदुरबारबाहेर आमची पथारी आहे, म्हणजे मिरची वाळत घालायचं उघडं रान. धनुबाई तिथं मिरची उलथते. लखन नावाच्या एजंटानं रंग टिकवायचं औषध आणलं आणि पहिल्याच फवाऱ्याला तिचा हात भाजला. पण लखनकडे एक गुळगुळीत इंग्रजी जर्नल होतं. त्यात छापलं होतं, औषध निर्धोक आहे.

"छापलंय ना, भाभी? शास्त्रज्ञ काय खोटं लिहितील?"

हाच जुबेर मिरचीची गाडी घेताना वरच्या थराकडे बघतसुद्धा नाही. कोपरापर्यंत हात खुपसून तळातली मूठ काढतो. म्हटलं, मग या जर्नलचाही तळ बघू. ज्युनियर कॉलेजात मी रसायनशास्त्र शिकवते. माझ्या तान्ह्या रैयानला पाजता पाजता एका हातानं मोबाइलवर संपादकांची नावं चाळली, त्यातल्या एका प्राध्यापकांना मेल केली. उत्तर आलं, 'मला न विचारता नाव टाकलंय. काढा काढा म्हणून थकलो.'

"एक माणूस रुसला म्हणून सगळं खोटं?" जुबेर म्हणाला. सोमवारी अख्ख्या पथारीवर फवारायचं ठरलं.

मांडीवर रैयान बोळक्या हिरड्यांनी माझं बोट चावत होता. सात महिन्यांचा जीव, हनुवटीवर लाळेची तार. मी निबंध लिहिला, 'अर्भकाच्या लाळेनं मिरचीचा रंग टिकतो'. लेखक डॉ. रैयान. दिला त्याच जर्नलला पाठवून.

सोमवारी त्याला कडेवर घेऊन रिक्षानं पथारीवर पोचले, तर पंप भरलेले. धनुबाई आडवी उभी होती.

"पहिले मन्हा हात दखा. मी फवारू देसू नही!"

लखननं तिला ढकललं. ती तोंडावर ढिगात पडली. नाक फुटलं, पण त्या लालीत रक्त दिसेना.

"जुबेर, हे वाच!" मी मोबाइल त्याच्यापुढे धरला. जर्नलची मेल वाटेतच आली होती: 'आदरणीय डॉ. रैयान, तज्ज्ञांनी आपला निबंध तपासला. आपल्या प्रदीर्घ अनुभवाला सलाम. फी भरताच छापू.'

जुबेरनं वाचलं. मग माझी ओढणी चघळणाऱ्या रैयानकडे बघितलं. "हा... डॉक्टर?"

"डॉक्टरसाहेब, मन्हा गुडघा दखा ना!" मागून एक बाई ओरडली आणि सगळ्या बाया हसत सुटल्या.

ते हसू जुबेरच्या मुस्कटात बसलं. त्यानं फावड्याचा दांडा लखनच्या जबड्यावर हाणला. दात मिरचीत उडाला. दुसरा घाव बरगडीत. मग केस धरून त्याला औषधाच्या ड्रमकडे फरफटत नेलं.

"निर्धोक शे ना रे? मंग पी!"

लखनचं डोकं आत गेलं. बुडबुडे आले. जुबेरचा हातही कोपरापर्यंत त्या औषधात, त्याला भान नव्हतं.

मला औषध थांबवायचं होतं. माणूस नव्हे. रैयानला खाली बसवून मी जुबेरच्या पाठीवर झेपावले, खांद्याला कडकडून चावले. त्याची पकड सुटली आणि त्याच क्षणी त्याला हाताची आग कळली. गुरासारखा ओरडला. लखन डोळे मिटून गडबडा लोळत होता.

धनुबाईनं धड असलेल्या हातानं पाण्याची बादली उचलली, आधी लखनवर ओतली. मग जुबेरच्या फोडांकडे बघत म्हणाली, "मिरचीमुळे व्हयनं व्हई, शेठ."

ओला हात छातीशी धरून जुबेरनं लाथेनं ड्रम लवंडला, दूर, रस्त्याकडच्या खड्ड्याकडे.

रैयान रडून निळा झाला होता. मला पान्हा फुटला, पण जुबेरला ओढताना उडालेलं औषध माझ्या हातांना लागलेलं. धनुबाईनंच त्याला उचललं. तिच्या नाकातलं रक्त त्याच्या टोपड्यावर टपकत होतं.

"उगी रे, डॉक्टर," ती म्हणत होती, "उगी."