सुटला, सोडला

“गाडी मागं घ्या न गोपाळराव. कुत्र्याले आत न्यायचं हाय. मले ड्युटीले उशीर होऊन राहिला.”

“घेतो न. मरून नाही राहिली तू.”

गोपाळराव निखाडेंची पांढरी गाडी कौसल्या रामटेकेच्या फाटकाला चिकटून उभी होती. नंदनवन वस्तीतल्या त्या गल्लीत हे आठवड्यातून तीनदा व्हायचं. कौसल्या मनपाच्या दवाखान्यात नर्स. निवृत्तीला चौदा महिने उरलेले. सकाळी बादलला फिरवून आणायचं आणि मग ड्युटी, हा तिचा नेम. बादल म्हणजे पंचेचाळीस किलोचा काळा रॉटवायलर. त्याचा पट्टा तिच्या मुठीत होता, पण तोंडाला मुसकं नव्हतं. उन्हाळ्यात त्याला धाप लागते म्हणून ती ते घालतच नसे.

“आता मी तक्रारच देते,” ती म्हणाली.

“तू देशीन? या जनावरापायी सारी गल्ली जीव मुठीत धरून चालते, अन् तक्रार तू देशीन?” गोपाळरावांनी तिचं मनगट पकडलं. “चाल, आत्ताच जाऊ ठाण्यात. चाल!”

पुढचं तीन-चार सेकंदांत झालं. गोपाळराव गाडीवर पाठमोरे आपटले आणि त्यांचा उजवा हात बादलच्या जबड्यात होता.

“बादल, सोड! सोड म्हणते न!”

दुसऱ्या हाकेला त्यानं सोडलं आणि तिच्या पायाशी येऊन बसला, काम झाल्यासारखा.

तिनं त्याला फाटकाच्या गजाला बांधलं आणि गोपाळरावांना ओढतच सार्वजनिक नळाशी नेलं. जखम पदरानं की रुमालानं बांधली नाही. पर्समधली साबणाची वडी काढून ती धारेखाली जखम धुऊ लागली. एकतीस वर्षांत तिनं कुत्रा चावलेली हजारो माणसं पाहिली होती. पंधरा मिनिटं म्हणजे पंधरा मिनिटं.

“तुले जेलात नाही टाकलं तर पाहाजो!” गोपाळराव दातओठ खात होते.

“हात सरळ ठेवा.”

“हात नको लावू मले!”

“सरळ ठेवा म्हणते न. टाके आधी घालू देऊ नका. पयले जखमेत रेबीजचं सीरम द्याले सांगा.”

वरच्या गॅलरीतून त्यांची बायको, शोभाताई, गल्लीला ऐकू जाईल अशी ओरडत होती. “पाहा गा, पाहा! सांगतच होतो न आम्ही, कोणाचा तरी जीव घेईन म्हणून!” गल्ली जमली. कोणी कौसल्येशी बोललं नाही. एकानं मात्र मोबाइल तिच्या तोंडापाशी धरला होता.

हीच गल्ली पूर्वी रात्री-बेरात्री तिचं दार ठोठावायची. कोणाचं बीपी, कोणाचं इंजेक्शन. तीन वर्षांपूर्वी एका रात्री चोर घरात शिरले, तिच्या तोंडात बोळा कोंबून कपाट फोडून गेले. त्या वेळी शेजारच्या घरात टीव्ही सुरू होता. नंतर प्रत्येकानं सांगितलं, आम्हाला काही ऐकूच आलं नाही. हैदराबादेत नोकरी करणारा मुलगा, प्रशिक, पुढच्याच महिन्यात पिल्लू घेऊन आला. पिल्लू वाढलं तशी माणसं यायची थांबली. कोणी भिंतीवरून दगड मारले, कोणी सह्यांचं पत्र फिरवलं. कौसल्या मात्र झोपू लागली. तिच्यासाठी हिशेब तेवढाच होता.

दुपारी ठाण्यात उपनिरीक्षक उईके मॅडमनी तिचा जबाब घेतला. तिशीतली बाई, आवाज शांत.

“परवाना?”

“पयल्या वर्षीचा होता. मंग राहून गेला.”

“मुसकं?”

“नव्हतं.”

मॅडमनी पेन थांबवलं. “सिस्टर, पट्टा हातातून सुटला असेल तर तो निष्काळजीपणा. मुद्दाम सोडला असेल तर गुन्हा मोठा होतो. वरून सरकारी नोकरी तुमची. नीट आठवून सांगा.”

बाहेर येऊन तिनं प्रशिकला फोन केला.

“आई, पट्ट्याचा हूक तुटला म्हण. बस.”

“हूक साबूत हाय, बापू.”

“कोण पाहून राहिलं? कुत्रं माजलं म्हण, मनपाले देऊन टाक. पेन्शन जाईन न वं आई!”

“त्यानं काय केलं? त्याले ज्यासाठी आणलं, ते केलं.”

“मग गोपाळकाकानं हात धरला म्हण, तू घाबरलीस म्हण.”

“तेच तर नाही न,” ती म्हणाली. “भ्याली नाही मी. त्या रात्रीनंतर पयल्यांदा भ्याली नव्हती.”

तिनं फोन ठेवला. आत हवालदारानं टाइप केलेला जबाब पुढे सरकवला. तिनं चष्मा लावून वाचला: *कुत्रा हातातून सुटला.* तिनं पेन मागितलं, शेवटचा शब्द खोडला आणि वर लिहिलं, *सोडला*. मग आणखी एक वाक्य जोडलं: *मनगट धरल्यावर मी मूठ उघडली.* खाली सही केली.

मॅडमनी तो कागद दोनदा वाचला. “असं कोणी लिहून देत नाही, सिस्टर.”

“मले माहीत हाय.”

दहा दिवस बादल निरीक्षणाखाली तिच्याच अंगणात राहिला. धडधाकट निघाला. तोवर कुत्रा वस्तीतून हलवण्याची मनपाची नोटीस आली होती. अकराव्या दिवशी कन्हान नदीपलीकडच्या शेतावरून प्रशिकच्या ओळखीतले बाबाराव छोटा टेम्पो घेऊन आले. बादल चढेना. कौसल्या स्वतः वर चढून बसली, तेव्हा तो चढला. पट्टा आडव्या दांडीला बांधून ती खाली उतरली. गाडी वळेपर्यंत तो भुंकला नाही, नुसता तिच्याकडे पाहत राहिला.

दवाखान्यात खात्याची चौकशी लागली. पेन्शनचं काय होणार ते कोणी सांगेना. कोर्टात पहिल्या तारखेला शिपायानं पुकारलं, “आरोपी कौसल्या नामदेव रामटेके!” गोपाळराव बांधलेला हात मांडीवर घेऊन समोर बसले होते. त्यांनी तिच्याकडे पाहून तोंड वाकडं केलं. ती उभी राहिली. “हजर,” म्हणाली. सबंध खोलीला ऐकू गेलं.

पुढची तारीख घेऊन ती दुपारी घरी आली. शोभाताई गॅलरीत कपडे वाळत घालत होत्या. तिला पाहून त्यांनी बादली आपटली. कौसल्येनं फाटकाची कडी काढली, फाटक वीतभरच उघडलं आणि फटीत गुडघा आडवा घातला, आतून कोणी बाहेर धावू नये म्हणून.

“मागं सर,” ती म्हणाली.

अंगण रिकामं होतं. ती तशीच, गुडघा फटीत धरून, उन्हात उभी राहिली.