दुपट्यांचं वजन

मित्रांनो, मी एक जुना वजनकाटा आहे. या लहानशा स्टेशनात, नळाशेजारी उभा आहे. गाडीची वाट बघताना तुम्ही ज्याच्यावर उड्या मारता, तोच मी.

कारखान्यात मला एकच गोष्ट शिकवली: अंगावर येईल त्याचा आकडा सांगायचा, पदरचं काही घालायचं नाही. मी इथे आलो तेव्हा एक फलाट, एक बाक, एक घंटा आणि पार्सलची खोली, एवढाच संसार होता. मला त्या खोलीत लहान पार्सलांसाठी ठेवलं. फुलांच्या करंड्या, औषधांच्या पेट्या, वह्यांचे गठ्ठे, गावाचं सगळं माझ्यावरून गेलं. एकदा सर्कशीतलं माकड आलं. ते काही केल्या स्थिर बसेना. स्टेशनमास्तर पाहुण्यांना सांगायचे, "आमचं घड्याळ चुकेल, पण हा काटा चुकायचा नाही."

पार्सलच्या कारकुनाला सगळे 'वजाबाकी' म्हणत. नेहमीच्या टोपलीचं रिकामं वजन तो एकदाच करी, टोपलीवर पांढऱ्या रंगाने लिही आणि पुढे तेवढं वजा करत राही. काम झटपट व्हायचं. गाडी काही कुणासाठी थांबत नाही ना!

एका थंडीत सिग्नलवाल्याच्या बायकोला सातव्या महिन्यातच मुलगी झाली. गावात दवाखाना नव्हता. शहरातल्या डॉक्टरांनी बजावलं होतं, "दर गुरुवारी वजन करा. वाढलं तर ठीक. नाही वाढलं, तर पहिल्या गाडीने घेऊन या. उशीर केलात तर हाती लागायची नाही."

मग काय, मुलगी टोपलीतून माझ्याकडे. वजाबाकीने आधी टोपली दुपट्यासकट तोलली आणि सवयीने तिच्यावर आकडा रंगवला. मुलगी भरली दीड किलो. पुढच्या गुरुवारी शंभर ग्रॅम जास्त. त्याच्या पुढच्या गुरुवारी आणखी दीडशे.

"वाढतेय हो पोर!" वजाबाकी ओरडला. आई रडली. आजीने त्याच्या हातावर गूळ ठेवला.

मला सगळं ठाऊक होतं. पण मला आकडा सांगता येतो, तो कशाचा आहे ते सांगता येत नाही.

चौथ्या गुरुवारी मुलगी भरली एक किलो चारशे पन्नास.

"अरेच्चा! काटा बिघडला की काय?" त्याने मला एक लाथ घातली. मग पितळेचं पक्कं वजन ठेवून पाहिलं. मी बरोबर होतो. तो टोपलीकडे बघत राहिला.

"आजी, आज टोपलीत काही कमी आहे का?"

"कमी काय असणार? दोन दुपटी धुवायला टाकलीत. थंडी वाढत होती, म्हणून दर आठवड्याला मीच एकेक जास्तीचं घालत होते."

वजाबाकीने टोपलीवर रंगवलेल्या आकड्यावर बोट ठेवलं. "अहो, मी दुपटी तोलत होतो," तो म्हणाला. "पोर झिजत होती आणि मी दुपटी तोलत होतो."

फलाटावरची गाडी सुटायच्या बेतात होती. तो तसाच अनवाणी धावला आणि थेट गार्डच्या हातातली हिरवी झेंडीच त्याने धरली. गाडी चार मिनिटं थांबली. आई आणि आजी मुलीला घेऊन चढल्या. त्या चार मिनिटांबद्दल वजाबाकीला वरून खरमरीत पत्र आलं. ते त्याने निमूटपणे घडी करून खिशात ठेवलं.

दीड महिन्याने मुलगी परत आली. त्याने तिला टोपलीत ठेवू दिलंच नाही. उघडीच तोलली: दोन किलो दोनशे. मग घासलेट घेऊन बसला आणि गावातल्या एकूण एक टोपलीवरचा रंग पुसून काढला.

पुढे पार्सलची खोली बंद झाली. आता तिथे झाडू ठेवतात. मला बाहेर आणलं. नळाचं पाणी माझ्यावर ठिबकतं. माझे सांधे गंजले आहेत.

काल गुरुवार होता. एक तरुण बाई तान्हं बाळ घेऊन आली. तीच ती मुलगी. बाकावर वजाबाकी बसला होता. आता त्याला नीट दिसत नाही.

"काका, डॉक्टरांनी दर आठवड्याला वजन करायला सांगितलंय. दूध कमी पितोय हा."

"आधी दुपटं काढ गं!" तो तिथूनच ओरडला. ती हसली आणि तिने दुपटं काढलं. माझा काटा कुरकुरत वर गेला आणि अडकला. तिने आकडा वाचला.

"चांगलं भरलंय की! हा काटा कधी चुकत नाही," म्हातारा म्हणाला. ती निर्धास्त घरी गेली.

मित्रांनो, तो आकडा पाव किलोने जास्त होता. माझ्या आयुष्यातलं हे पहिलं खोटं.

येत्या गुरुवारी ती पुन्हा येणार आहे. त्याआधी तुमच्यापैकी कुणीतरी माझ्या सांध्यात तेलाचे चार थेंब घाला.