नवाराचे डोळे

निमंत्रणपत्रिका एतिदालने दोनदा वाचली, मग चष्मा पुसून तिसऱ्यांदा. इजिप्तमधल्या मन्सूरा शहरातल्या जुन्या फोटो स्टुडिओच्या चित्रांचं प्रदर्शन भरणार होतं. पत्रिकेवर स्टुडिओच्या दिवंगत मालकाचं नाव होतं, त्यांचा नातू रामिझ याचं होतं, हॉल देणाऱ्यांचंही होतं. ज्या बाईने वीस वर्षं त्या काळ्यापांढऱ्या फोटोंत ब्रशने रंग भरले, तिचं मात्र कुठेच नव्हतं.

"जाऊ नकोस," धाकटी बहीण राविया म्हणाली. "राबायचं बायकांनी आणि नाव लागायचं पुरुषांचं. हे काय आज पहिल्यांदा घडतंय?"

"म्हणूनच जाते. तोंडावर विचारते."

सदुसष्टाव्या वर्षी एतिदाल ठेवणीतला निळा झगा घालून हॉलमध्ये शिरली. जास्वंदीच्या सरबताचे पेले फिरत होते. भिंतीवर नवरे-नवऱ्या, सैनिक, सुंता झालेली पोरं. त्यांच्या गालांवरची लाली, ओठांवरचा रंग, सगळं तिच्या हातचं. तिच्याकडे कुणी पाहिलंही नाही.

आणि समोरच्या भिंतीवर, सगळ्यांत मोठ्या चौकटीत, नवारा होती.

पाच वर्षांची पोर, पांढरं कापड गळ्यापर्यंत, डोळे टक्क उघडे. खाली लिहिलं होतं, 'अनोळखी मुलगी.' दोन तरुणी तिच्यासमोर उभ्या राहून फोनवर स्वतःचे फोटो काढत होत्या.

"बाई गं, हिचे डोळे बघ. जाऊ तिकडे मागे येतात."

त्या खिदळल्या. त्यांना कुठून ठाऊक असणार, की ते डोळे त्या मुलीचे नव्हतेच?

पंचेचाळीस वर्षांपूर्वी जकिया नावाची एक तरुण आई स्टुडिओत आली होती. तिची लेक नवारा तापाने गेली होती. हयातीतला एकही फोटो नव्हता. दफनाआधी मामाने काढलेला तेवढा एकच, मिटल्या डोळ्यांचा. "हिचे डोळे उघडून दे," ती म्हणाली होती. "माझ्यासारखेच होते." एतिदालने तिला समोर बसवलं आणि तिचे रडून सुजलेले डोळे बघत बघत त्या मिटल्या पापण्यांवर नवे रंगवले. निघताना जकियाने शपथ घातली होती, "मी एकच नेते. तुझ्याकडची दुसरी प्रत फाडून टाक. माझ्या मुलीला लोकांनी बघायचं नाही."

एतिदालने ती फाडली नाही. तिच्या हातून इतकं सुरेख काम पुन्हा कधी झालं नव्हतं. तिने प्रत स्टुडिओच्या खणात तळाशी सरकवली. तेव्हापासून कितीदा तरी झोपेत ती मुलगी उशाशी येऊन उभी राही. बोलत काहीच नसे. नुसती बघत राही.

"मावशी, तुम्ही आजोबांकडे होता ना?" रामिझ लगबगीने आला. रंग तिनेच भरल्याचं ऐकल्यावर शरमून म्हणाला, "चुकलंच माझं. आत्ता तुमचं नाव लावतो." आणि खरंच त्याने नवाराच्या चौकटीखाली चिठ्ठी डकवली, 'रंगकाम: एतिदाल.'

ज्यासाठी ती आली होती ते मिळालं होतं. तरी तिला वाटलं, आपण कुणाच्या तरी कबरीवर आपलं नाव कोरलंय.

"बरं झालं, नाव लावलंस."

दारातून एक म्हातारी आली होती. चेहरा सुरकुतला होता, पण डोळे भिंतीवरचेच. एतिदालने तिला लगेच ओळखलं.

"बाजारात चालले होते," जकिया संथपणे म्हणाली. "बस थांब्यावर या प्रदर्शनाच्या कागदावर माझी लेक चिकटवलेली. तिच्या तोंडावर कुणीतरी शिकवणीची जाहिरात लावली होती. तू फाडलं नव्हतंस?"

"नाही, हज्जा," एतिदाल वडीलधाऱ्या बाईला म्हणतात तसं आदराने म्हणाली. "चांगलं झालं होतं म्हणून ठेवलं."

"चांगलं झालं होतं," जकियाने तेच शब्द पुन्हा उच्चारले.

रामिझ मध्ये पडला. "हज्जा, आम्हाला ठाऊक नव्हतं. पण ही कला आहे. लोकांनी पाहावी अशीच आहे."

"बाळा, मेलेल्याला आपण का झाकतो? तो स्वतः पदर ओढून घेऊ शकत नाही म्हणून. ज्याला नको म्हणता येत नाही, त्याच्या वतीने आधी आपण नको म्हणायचं असतं. तू कुणाला विचारलंस? हिने कुणाला विचारलं?"

एतिदालने पुढे होऊन चौकट स्वतःच्या हाताने उतरवली. मागे फिरून ती जकियाला म्हणाली, "दोष याचा नाही. माझाच आहे. ही तुम्ही घरी न्या."

"मला माझी एक पुरे. ही तू ठेवलीस, तूच निस्तर. निजू दे तिला."

दुसऱ्या दिवशी सकाळी एतिदाल खिडकीशी बसली आणि बारीक पात्याने, आयुष्यातलं आपलं सर्वांत सुंदर काम तिने कणाकणाने खरवडलं. आधी बुबुळं गेली, मग पांढरं. खालून मिटलेल्या पापण्या वर आल्या. मग तो कागद तिने फाडला.

रामिझने शहरभर लावलेले प्रदर्शनाचे कागद काढून घेतले. ज्यांच्या घरच्यांचा पत्ता लागला नाही ते सगळे फोटो त्याने उतरवले. प्रदर्शन अर्ध्या रिकाम्या भिंतींनिशी पुरा महिना चाललं. लोक विचारत, इथे काय होतं? तो सांगे, "ज्यांना विचारायचं राहून गेलं, ते."

एतिदालच्या उशाशी ती मुलगी त्यानंतरही आली. एतिदाल आता तोंड फिरवत नाही. माफी मागते, आणि उजाडेपर्यंत जागी राहते.

मंडळी, आज प्रत्येकाच्या खिशात स्टुडिओ आहे. अपघात दिसला की आपला हात आधी तिकडे जातो. मयताच्या घरातला हुंदकाही आपण दहा जणांना पाठवून मोकळे होतो. चेहरा आपण टिपला म्हणून तो आपला होत नाही. आधी विचारावं. आणि जो उत्तर देऊ शकत नाही, त्याचं उत्तर 'नको' असंच धरावं.