तापी गटाची ढाल

मी ढाल बोलतेय. लढाईतली नाही हो, तेवढी माझी पुण्याई कुठली. मी शाळेतली, बक्षिसाची. सागवानी फळी, मधोमध पितळेचा उगवता सूर्य, आणि भोवती वर्षावर्षाच्या विजेत्यांची नावं कोरायला चिमुकल्या पट्ट्या. सध्या माझा मुक्काम शिंदखेड्याकडच्या एका गावात आहे. कमलबाई नावाच्या अंगणवाडीच्या बाईंच्या घरी, धान्याच्या कोठीवर, तोंड भिंतीकडे करून मला ठेवलंय. खरं सांगू, मला त्याचं वाईट वाटत नाही.

माझा जन्म धुळ्याचा, चौथ्या गल्लीतल्या एका बोळकंडीवजा दुकानातला. भटू मिस्तरी नावाच्या माणसानं मला घडवलं. तोंडात विड्याचा तोबरा, त्यामुळे बोलणं कमी. पण माझ्या कडा घासताना तो इतका रमायचा, की गिऱ्हाईक ताटकळत उभं राहायचं. माझ्या शेजारी कबड्डीचे चषक होते, निवृत्त होणाऱ्या साहेबांची सन्मानचिन्हं होती. त्या सगळ्यांत मीच देखणी होते, आणि ते मला ठाऊकही होतं. पितळ अंगावर असलं की थोडा तोरा येतोच.

शिरपूरच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी मुलींची एक निवासी शाळा आहे. तिथं मी गेले. शाळेचं नाव सांगत नाही, सांगून काय उपयोग. घोडेस्वारीचं मैदान, निळ्याशार पाण्याचा तलाव, काट्या-चमच्यानं जेवायची शिस्त. कापसाच्या जिनिंगवाल्यांच्या, डॉक्टरांच्या, केळीच्या मोठ्या व्यापाऱ्यांच्या लेकी तिथं शिकायच्या. गावाकडच्या हुशार मुलींसाठीही थोड्या जागा असायच्या. त्यांची माहितीपत्रकात छायाचित्रं छापायचे.

शाळेत नद्यांच्या नावांचे चार गट होते. तापी, पांझरा, गिरणा आणि अनेर. जेवणघरात एक फळा होता, त्यावर रोज खडूनं शिस्तीचे गुण लिहायचे. कुणाची चादर चुरगळली, गुण गेले. कुणी उशिरा आलं, गुण गेले. कुणाच्या पालकांची तक्रार आली, तर मग ढिगानं गेले. वर्षअखेर ज्या गटाचे गुण जास्त, त्यांच्याकडे मी वर्षभर राहायची. आणि एक नियम असा होता, की सलग तीन वर्षं जो गट मला जिंकेल, त्याची मी कायमची.

हा नियम कुणी केला, माहीत नाही. कौतुकानंच केला असेल. पण त्यानं मुलींच्या डोक्यात काय शिरलं ते मी भिंतीवरून पाहिलंय. बाईंना वाटायचं मुली शिस्त शिकताहेत. मुली शिकत होत्या झाकायला. पोट दुखलं तरी सांगायचं नाही, कुणी मारलं तरी सांगायचं नाही. 'गटातली गोष्ट गटातच,' असं मोठ्या मुली म्हणायच्या, आणि माझ्यावर हात ठेवून धाकट्यांना शपथ घ्यायला लावायच्या. अहो, माझ्यात लाकूड आणि पितळ. शपथ घेण्यासारखं माझ्यात काय होतं?

तापी गटानं मला लागोपाठ दोन वर्षं जिंकलं होतं, आणि तिसरं वर्ष चालू होतं. त्या वर्षी पुनम आली.

पुनम सातवीतली. वडील धनसिंग सूतगिरणीत कामाला, आई कमलबाई गावात अंगणवाडी चालवते. पोरगी परीक्षा देऊन, पहिली येऊन तिथं पोचलेली. गटात जी सगळ्यांत नवी, तिनं रविवारी मला पुसायचं, अशी पद्धत होती. पुनम स्वयंपाकघरातून चिंच मागून आणायची आणि माझा सूर्य असा लखलखीत करायची की भटू मिस्तरीनंही मान डोलावली असती. आसपास कुणी नसलं की ती हळूच घरच्या अहिराणी बोलीत माझ्याशी बोलायची. "तू बी मन्हासारखीच शे, धुयाकडनी," म्हणायची. एरवी तिथं ती बोली तोंडातून निघाली की बाकीच्या मुली हसायच्या, म्हणून तिनं ती माझ्यापुरती ठेवली होती. मला फार आवडायची ती. सरळ सांगते, इतकं कुणी आवडलं नव्हतं.

आता वाळवणाचं सांगायला हवं.

आपल्याकडे उन्हाळ्यात गच्चीवर पापड-कुरडया घालतात ना, त्यावरून त्या मुलींनी एका गोष्टीला वाळवण हे नाव दिलं होतं. वर्ष संपत आलं, एप्रिलचं ऊन तापलं, की नव्या मुलीला भर दुपारी गच्चीवर न्यायचं. अनवाणी उभं करायचं. मला तिच्या छातीशी द्यायचं. ढाल खाली ठेवायची नाही, जागा सोडायची नाही. मोठ्या मुली पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसून बघायच्या आणि थोड्या वेळानं गटप्रमुख म्हणायची, "पुरे." तो शब्द आला की मुलगी गटाची झाली. मग तिला मिठ्या मारायच्या, थंड सरबत द्यायचं. ज्या स्वतः उभ्या राहिल्या होत्या, त्याच पुढे दुसऱ्यांना उभं करायच्या, आणि आपल्याला झालं ते काहीच नव्हतं असं सांगायच्या.

गटाच्या बाई होत्या लताबाई. त्यांना हे माहीत नव्हतं असं मी म्हणणार नाही. वाळवणाच्या दुपारी त्या मुद्दाम खोलीचं दार लावून घ्यायच्या.

त्या वर्षी गटप्रमुख होती रत्ना. अकरावीतली, फैजपूरच्या केळीच्या व्यापाऱ्याची मुलगी. वाईट नव्हती हो. पुनमला गणितं समजावून सांगायची, घरून आलेले केळीचे वेफर्स आधी तिला द्यायची. पुनम तिला रत्नाताई म्हणायची आणि तिच्या मागे मागे असायची.

दुपारी जेवणं झाल्यावर त्या पुनमला वर घेऊन गेल्या. पावसाळ्यात गच्ची गळायची म्हणून तिच्यावर नुकतेच डांबराचे काळे पट्टे अंथरले होते. आधीच्या वर्षी ते नव्हते. पुनमनं चपला काढल्या, मला छातीशी धरलं आणि उभी राहिली. पहिल्या क्षणी तिनं श्वास आत ओढला तो मला कळला. पण ती हसली. रत्नाताई बघत होती ना.

तेवढ्यात खालून घंटा झाली. संस्थेचे अध्यक्ष अचानक आले होते, सगळ्या गटांना मैदानात रांगेत बोलावलं होतं. मुली धडाधड जिने उतरल्या. रत्नाही पळाली. घाईत ती "पुरे" म्हणायचं विसरली.

गच्चीचं दार उघडं होतं. नीट ऐका, दार सताड उघडं होतं. टाकीची सावली चार पावलांवर होती. पुनम जाऊ शकत होती. मला खाली टाकून माझ्यावर उभी राहिली असती तरी चाललं असतं, सागवान एवढं काही तापत नाही. ती एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत राहिली आणि पुटपुटत राहिली, "ताई येईल, ताई येईल." माझं पितळही तापलं होतं, तिच्या हनुवटीला चटका बसत होता. तरी तिनं मला सोडलं नाही. मला तोंड असतं तर मी ओरडले असते, की पोरी, जा. फेक मला आणि जा.

खाली अध्यक्षांचं भाषण लांबलं. ते निष्ठेवर बोलत होते. आवाज गच्चीवर ऐकू येत होता.

लताबाई वर आल्या तेव्हा पुनम आडवी पडलेली होती आणि मी तिच्या अंगाखाली होते. तिच्या तळपायांचं कातडं पट्ट्यांना चिकटलं होतं. लताबाईंनी तिला उचलून टाकीच्या सावलीत ठेवलं, रडल्याही. मग त्यांनी मला उचललं, पदरानं पुसलं आणि आधी मला माझ्या खिळ्यावर नेऊन लटकवलं. हे मी विसरू शकत नाही.

पुनमला धुळ्याच्या दवाखान्यात नेलं. तिथलं मी पाहिलं नाही, पण लताबाई आणि रत्ना माझ्याखाली उभ्या राहून जे बोलल्या ते ऐकलं.

"ती काय म्हणाली?" रत्नानं विचारलं.

"म्हणाली, मी एकटीच गेले होते, ढाल उन्हात पुसायला," लताबाई म्हणाल्या. "मी काही शिकवलं नाही हं तिला. फक्त म्हटलं, बेटा, आपल्या गटाचं तिसरं वर्ष आहे."

"आणि तिची आई?"

"आई सारखी विचारतेय, तू एकलीच गयथी का वर? ती नुसती मान हलवते."

रत्नाचा चेहरा पांढराफटक पडला होता. पण घडलं ते तिनं कुणाला सांगितलं नाही, हेही खरं.

पुढचं ऐकाल तर संताप येईल. परवानगीशिवाय गच्चीवर जाणं हा शाळेत मोठा गुन्हा. पुनमनं तो स्वतःच्या तोंडानं कबूल केला होता. शाळेनं तिचं नाव काढून टाकलं. आणि नाव काढलेल्या मुलीमुळे गटाचे गुण कापत नाहीत. अशा रीतीनं तापी गट स्वच्छ राहिला. बक्षीस समारंभात टाळ्यांच्या कडकडाटात मला रत्नाच्या हातात दिलं. तिनं मला अंगापासून लांब धरलं, लोकांना वाटलं, पोरगी पितळेला बोटं लागू देत नाहीये.

मी तापी गटाची कायमची झाले. दिवाणखान्यात माझ्यासाठी काचेचं कपाट आलं. पुसणारं कुणी नव्हतं, काचेत धूळ येत नाही म्हणे. मला चिंचेच्या वासाची आठवण यायची.

दिवाळीच्या सुट्टीला मुली घरी निघाल्या तेव्हा रत्नानं कपाट उघडलं, मला कपड्यांत गुंडाळलं आणि बॅगेत घातलं. ती फैजपूरला गेलीच नाही. वाटा विचारत विचारत पुनमच्या गावी आली.

दुपारची वेळ होती. धनसिंगभाऊ कामावर होते. कमलबाई आत फराळाचं करत होत्या. पुनम ओसरीत खाटेवर बसलेली. पायांत मऊ तळव्यांच्या चपला होत्या, घरातसुद्धा. जमिनीवर पाय टेकवला की अजून कळ येते म्हणून. गावच्या शाळेत ती काकांच्या मोटारसायकलवर जायची.

रत्नानं मला बाहेर काढलं आणि खाटेवर ठेवलं. "हिच्यावर हक्क तुझा आहे," म्हणाली.

पुनमनं माझ्या सूर्यावरून बोट फिरवलं. मग तिनं मान वर करून विचारलं, "रत्नाताई, मी ढाल खाली ठेवली नव्हती. चक्कर आली म्हणून पडले. ते धरत नाहीत ना? मी गटाची झाले ना?"

इतके महिने ती पोर हे मनात घेऊन बसली होती. पाय गेले त्याचं नाही, शाळा गेली त्याचं नाही. तिला परीक्षेचा निकाल हवा होता.

रत्ना खाली बसली. तिनं पुनमचे दोन्ही पाय चपलांसकट हातात धरले. "पुरे, पुनम," ती म्हणाली. "पुरे. मी सांगायला विसरले. पुरे." आणि मग ती हुंदके देऊन रडायला लागली.

पुनमही रडली. त्या गच्चीवर रडली नव्हती, तेव्हाचं सगळं तिनं आता रडून घेतलं.

दारात कमलबाई उभ्या होत्या. हाताला बेसन लागलेलं. केव्हापासून ऐकत होत्या कोण जाणे. मला वाटलं, आता ही बाई त्या मुलीला हात धरून बाहेर काढेल. त्यांनी काढलं नाही. पदराला हात पुसत जवळ आल्या आणि लेकीला विचारलं, "माले काब्र सांगं नही माय?"

"शपथ लियेल व्हती," पुनम म्हणाली.

कमलबाईंनी माझ्याकडे पाहिलं. कुणी माझ्याकडे कधी तसं पाहिलं नव्हतं. मग रत्नाकडे वळून त्या शांतपणे म्हणाल्या, "तू हाई बठ्ठं पोलीस ठाणामा येईसन सांगशी का? मन्ही पोर खोटी नही, इतलं तरी लोकेस्ले समजाले जोयजे."

रत्नाचं बारावीचं वर्ष होतं. शाळेचं नाव, वडिलांचं नाव, मैत्रिणी, सगळं पणाला लागणार होतं. तरी ती म्हणाली, "सांगते, काकू. वाळवणाचं सगळं सांगते. मीही उभी राहिले होते, तेही सांगते."

आणि तिनं सांगितलं. सुट्टी संपल्यावर कमलबाई आणि धनसिंगभाऊंबरोबर ती पोलीस ठाण्यात गेली, मग चौकशीला आलेल्या साहेबांसमोरही बोलली. लताबाई आता घरी बसून आहेत. शाळेनं आधी कानांवर हात ठेवले, आता वकील ठेवलाय. तापी गटातल्या मुली रत्नाला फितूर म्हणतात, तिच्या शेजारी जेवायला बसत नाहीत. तिचे वडील कितीतरी दिवस तिच्याशी बोलले नाहीत. ती मात्र महिन्यातून एकदा तरी इथं येते आणि पुनमला गणितं समजावून सांगते. पुनमच्या पायांचं अजून एक ऑपरेशन व्हायचंय. ती पुन्हा अनवाणी चालेल का, डॉक्टर नक्की सांगत नाहीत.

माझ्याविषयी म्हणाल तर शाळेनं धुळ्याला नवी ढाल करायला टाकलीय असं कळतं. म्हणजे आणखी एक माझ्यासारखीच. भटू मिस्तरी तिच्या कडा घासत असेल.

तिला माझा निरोप कोण देणार? म्हणून तुम्हालाच सांगते. तुमच्या घरातली मुलगी अशा एखाद्या शाळेत असेल, तर तिला एवढं सांगा. ऊन लागलं की सावलीत यायचं. पाय भाजला की ओरडायचं. कुणाच्या "पुरे"ची वाट बघायची नाही, तो शब्द स्वतःच म्हणायचा आणि जिना उतरायचा. हातात माझ्यासारखी ढाल असेल तर ती खुशाल खाली टाकायची. लाकडाला काही होत नाही.

परवा पुनम कोठीजवळ आली, मला खाली घेतलं. मला वाटलं, आता पुसेल. तिनं मला जमिनीवर आडवं ठेवलं, आईला हाक मारून उशी मागितली, ती माझ्यावर ठेवली आणि उशीवर पाय टेकून वहीत गणितं सोडवत बसली. इतक्या वर्षांत मी पहिल्यांदा कुणाच्या उपयोगी पडले.