जनीची भवानी

समीक्षाचं ‘ताजी पाटी’ हे ॲप सुरू होऊन महिनाही झाला नव्हता, आणि तिच्या मथुरामावशीनेच त्याला खीळ घातली.

मुंबईच्या एका बड्या कंपनीने रत्नागिरीतली निम्मी गिऱ्हाइकं केव्हाच आपल्या ॲपवर ओढली होती. तिथे मासळी कुणाच्या पाटीतली, हे कळायचं नाही. समीक्षाने लोटे औद्योगिक वसाहतीतली नोकरी सोडून स्वतःचं ॲप काढलं, ते बंदरावर बसणाऱ्या बायकांच्या नावानिशी. मथुरेसकट सात-आठ जणी तिच्यामागे उभ्या राहिल्या. त्या फुटल्या असत्या, तर तिच्याकडे विकायला काही उरलं नसतं.

आज सकाळी मथुरेने लागोपाठ ऑर्डरी नाकारल्या, तेही पाटीत सुरमई असताना. समीक्षा धावतच बंदरावर आली.

“मावशी, ‘नाही’ का दाबत्येस?”

“माझी भवानी झाली,” मथुरा सुरी धूत म्हणाली. “जनीची व्हायच्येय.”

शेजारी जनी माशा हाकत बसली होती. बंदरावरची रीतच ती. आपली दिवसाची पहिली विक्री झाली की पुढचं गिऱ्हाईक शेजारणीकडे धाडायचं, तिची भवानी होईपर्यंत.

“अगं, फोनातलं गिऱ्हाईक शेजारी नाही सरकत! ते सरळ कंपनीकडे जातं.”

“मग सरकव. तूच केलंयस ना ते?”

“तिला कशाला बोलतेस?” जनी मध्येच म्हणाली. “मीच उद्यापासून कंपनीला माल देत्येय. त्यांचा माणूस आख्खी पाटी उचलतो म्हणाला. तुझ्या फोनात मी कुठे आहे, दाखव बघू.”

समीक्षाने फोन काढला. सगळ्यात वर मथुरा. जनी सापडेपर्यंत बोट पार तळाला गेलं. कंपनीच्या ॲपवर जास्त खपणारी मासळी वर; तेच बघून समीक्षाने जास्त विकणारी बाई वर ठेवली होती.

“इथे मी मथुरेला खेटून बसत्येय. तिथे एवढी लांब कशी गेले गो?”

 समीक्षा बर्फाच्या पेटीवर टेकली आणि तिथेच बसून तिने ॲप बदललं. भवानी न झालेल्या बायका तेवढ्या दिसतील, बाकीच्या त्यांची भवानी झाल्यावर.

लगेच हातखंब्याहून हर्षदचा फोन आला. त्याचं हायवेला हॉटेल. एवढं मोठं गिऱ्हाईक तिला दुसरं नव्हतं.

“ताई, मथुराबाई कुठे गायब? सुरमई हवी होती.”

“दिसतील थोड्या वेळात. आधी जनीबाईंकडचं काही घ्या ना. मांदेली ताजी आहे.”

“सुरमईच्या थाळीत मांदेली वाढू? कंपनीवाले असली नाटकं करत नाहीत.”

“नाही करत,” समीक्षा म्हणाली.  त्याने फोन ठेवला.

“गेला?” जनीने विचारलं.

“गेला.”

“वेडी आहेस.” पण आवाजात टोमणा नव्हता.

 मग जनीचा फोन वाजला. कुणाला तरी अर्धा किलो मांदेली हवी होती. जनीने पदराला हात पुसून ‘हो’ दाबलं. पैसेही फोनातच आले. एरवी पहिली नोट ती कपाळाला लावायची. आता काय लावायचं? तिने इकडेतिकडे पाहिलं आणि फोनच कपाळाला टेकवला.

मथुरा खो खो हसली. “आणि त्या कंपनीवाल्याचं काय करतेस?”

“येऊ दे उद्या,” जनी मांदेली निवडायला घेत म्हणाली. “माझ्या गिऱ्हाइकांचं झाल्यावर उरलंसुरलं नेईल.”