दीक्षेचं कापड

शनिवारी दुपारी फादर दीपक इंदापूरहून मोटारसायकलवर जेवायला आला, तेव्हा कुशाबाई भाकरी थापत होत्या. बारामतीतल्या त्या घरात तो फादर नव्हता, दिप्या होता. चर्चच्या आवारात मात्र आई त्याला अहोजाहो करी. "लेकरू पोटचं हाय, पर नोकरी देवाची," असं वर लोकांना ऐकवी.

पहिली भाकरी ताटात पडली आणि दीपकने आईला आणि धाकट्या बहिणीला, निकिताला, सांगून टाकलं. त्याला ओढ वाटते ती पुरुषांची, सेमिनरीत फादर होण्याचं शिक्षण घेत होता तेव्हापासून. व्रत त्याने कधी मोडलं नव्हतं. पण वेदीपाशी उभं राहिलं की आपण खोटं वागतोय असं वाटायचं. बिशपांना सांगून फादरचा झगा कायमचा उतरवावा, असं हल्ली सारखं मनात येत होतं.

निकिता तांब्या भरायला उठली. तांब्या भरलेलाच होता.

कुशाबाईंनी तव्यावरची भाकरी उलटली. बाकीच्या फादरांनीही एकट्यानं राहायचं व्रतच घेतलंय ना, एवढंच त्यांनी विचारलं. दीपक हो म्हणाला.

"मग त्यांचं अन् तुझं येकच की. जेव आता, कोरड्यास निवतंय."

तो हसला, पण ते त्याला पटलेलं दिसलं नाही. इंदापूरला चर्चमध्ये संध्याकाळची मिस्सेची प्रार्थना होती, म्हणून लवकर निघाला.

तो गेल्यावर कुशाबाईंनी ट्रंकेतून एक पांढरं कापड काढलं आणि अंगणातल्या दोरीवर घातलं. दीपक फादर झाला, त्या गुरुदीक्षेच्या दिवशी बिशपांनी त्याच्या तळहातांना पवित्र तेल लावलं, ते या कापडाने पुसलं होतं. असं कापड फादरच्या आईला देतात आणि ती गेली की तिच्या हातात ठेवून पुरतात. वास जाईल म्हणून कुशाबाईंनी ते कधी धुतलं नव्हतं.

"वर दारात अडवलं तर हेच माझं रेशनकार्ड," त्या म्हणाल्या. "हातात ठिवायचं, निके. दिप्या नगं म्हनंल. त्याचं आयकू नगं."

निकिताने चहा टाकू का, असं विचारून विषय बदलला.

रविवारी पहाटे कुशाबाई झोपेतच गेल्या.

दुसऱ्या दिवशी दफनाला निघण्याआधी दीपकने माणसांना थोडा वेळ बाहेर थांबायला सांगितलं. खोलीत शवपेटी आणि ही दोघं उरली. त्याने आईच्या बोटांत जपमाळ गुंफली. निकिताने आणून दिलेलं कापड मात्र घडी न मोडता ट्रंकेवर ठेवलं.

"हे नको. हे फादरच्या आईचं असतं. मी फादर राहीन की नाही, मलाच ठाऊक नाही."

कॉलेजात शिकवताना निकिता दुसऱ्यांच्या दुःखावर तास तास बोलायची. त्या वाचलेल्यातलं एक वाक्यही आता कामाचं नव्हतं. तिने कापड उचललं. तेलाचा वास अजून होता.

"शनिवारी तू गेल्यावर आईनं हे उन्हात घातलं," ती म्हणाली. "तुझं सगळं ऐकून झाल्यावर. मी गेले की माझ्या हातात ठेव, म्हणाली."

दीपक खाली बसला.

"आणि दादा, मला आधीपासून माहीत होतं. तू सेमिनरीत होतास तेव्हापासून. मी कधी बोलले नाही. झगा ठेवायचा की नाही, ते तू ठरव. पण मला माझा भाऊ अख्खा हवाय, त्यातलं काही कमी करून नको. आता तिचा हात धर. मी कापड ठेवते."