आत्याच्या प्रोग्रॅममधली राहिलेली ओळ

आत्याला धीर म्हणून नव्हता. रोज दुपारी दीडच्या ठोक्याला ती भाचीला फोन करायची. "जेवलीस का? तब्येत बरी ना? बरं, ठेवते." आणि ठेवायचीसुद्धा. भाचीचं उत्तर तोंडातच राहायचं. पण न चुकता फोन करणारं माणूस तिला जगात हे एवढं एकच होतं, म्हणून तिचा आत्यावर फार जीव.

आत्या हवामान कार्यालयात चौथ्या मजल्यावर तीस वर्षं वाऱ्याची गणितं मांडत आली होती. आता ती गणितं तळमजल्यावरच्या क्लस्टरवर, म्हणजे एकत्र जोडलेल्या शेकडो यंत्रांवर, चालणार होती. ती यंत्रं आणि त्यांतल्या, एकाच वेळी हजारो गणितं करणाऱ्या जीपीयू चिप्स सांभाळायची भाची. नवे साहेब आत्याला म्हणाले होते, "बुधवारी चारपर्यंत जीपीयूवर एक साधा प्रोग्रॅम चालवून दाखवा. नाहीतर दप्तरखान्यात जा." दप्तरखान्याला खिडकी नव्हती. जन्मभर आभाळाकडे बघत आलेली ही बाई तिथे कशी टिकणार, या विचाराने भाचीला झोप नव्हती.

बुधवारी तीन वाजता आत्याने तिला वर बोलावून घेतलं. प्रोग्रॅम तसा पोरखेळच होता: जीपीयूतल्या दोनशे छप्पन्न धाग्यांनी, म्हणजे एकाच वेळी राबणाऱ्या कामकऱ्यांनी, एकेकदा "हजर" म्हणायचं. यंत्राच्या भाषेत कंपाइल बिनबोभाट झाला, क्लस्टरच्या रांगेत गेला, चालून परतही आला. उत्तराची फाइल मात्र कोरी. ना "हजर", ना चूक.

"पाचवी खेप ही," आत्या म्हणाली. "मेला तोंड उघडेल तर शपथ. जाऊ दे, दप्तरखाना तर दप्तरखाना."

भाचीने प्रोग्रॅम वाचला आणि तिला हसूच फुटलं. "आत्या, हा अगदी तुझ्यावर गेलाय गं!"

"म्हणजे?"

"काम सांगतो आणि उत्तर न ऐकताच निघून जातो. ते बिचारे हजर म्हणेपर्यंत हा बंदसुद्धा झालेला. त्यांचं होईपर्यंत थांब, अशी एक ओळ घाल शेवटी."

आत्याने तिच्याकडे डोळे वटारून बघितलं, पण ओळ घातली. पुन्हा कंपाइल केलं. रांगेत पुढे सात जण होते. चारला आठ मिनिटं कमी असताना फाइल उघडली तर वरपासून खालपर्यंत हजर, हजर, हजर. आत्याने बोट लावून सगळे मोजले. साहेबांनी चष्मा लावून पाहिलं आणि म्हणाले, "उद्यापासून वारे तुमच्याकडेच."

दुसऱ्या दिवशी दीडला फोन वाजला.

"जेवलीस का?"

पुढे काहीच नाही. भाचीला वाटलं, फोन कटला.

"आत्या? आहेस ना?"

"आहे की. थांबलेय."

भाचीने ओठांवर आलेलं "हो" गिळलं. तिचे डोळे भरून आले. "नाही गं," ती म्हणाली. "महिना झाला, दुपारी जेवतच नाही. एकटीपुरतं करावंसंच वाटत नाही."

"मग ये वर," आत्या म्हणाली. "तू येईपर्यंत मी डबा उघडत नाही."